दोन बोटं

दुकानात एकाच वेळी अकरा टीव्हींवर नित्याची गाडी टायरांच्या भिंतीवर आपटली, तेव्हा मी फुकटची कॉफी पीत होतो. घोट तसाच तोंडात राहिला. गिळवेना, आणि थुंकायचा तरी कुठे, सगळीकडे चकचकीत फरशी. अकरा नित्या, बत्तीस इंचांपासून पंचाहत्तर इंचांपर्यंत, आवाज बंद करून. आधी एक बर्फाचा डोंगर, मग कापलेलं कलिंगड, मग कुणा बाईचे काजळ घातलेले डोळे, आणि मग ही. टीव्हीवर रंग किती स्वच्छ दिसतात ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून लावलेली फिल्म. कलिंगड आणि माझी भाची! तिची गाडी निळी, टायर तांबडे-पांढरे, वर ढग नसलेलं आकाश. कुणीतरी गार खोलीत बसून ठरवलं असेल की हे छान दिसेल. अरे मेल्यांनो, विचारलंत कुणाला? ती गाडी रिकामी नव्हती. गाडीत एकवीस वर्षांची मुलगी होती, तिला दही-भातात डाळिंबाचे दाणे लागायचे, आणि त्या दिवसानंतर तिने काहीच खाल्लं नाही. माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर तिची आई बसली होती. सरस्वती अक्का, माझी थोरली बहीण. आमच्या घरातला जुना टीव्ही बिघडला म्हणून तिनेच मला ओढून आणलं होतं. ती समोर बघत होती आणि तिचा चेहरा अगदी वर्गातला होता, फळ्यावर गणित घालून पोरांकडे बघत उभी राहायची तसा.

दुकानातला गणेशकुमार तिचा जुना विद्यार्थी. तंजावुरात अर्ध्या गावाला तिने गणित शिकवलंय, त्यामुळे आमचं कुठेच काही अडत नाही. आम्ही आत शिरताच तो 'वांगा टीचर, वांगा', या टीचर, या, करत धावत आला, न सांगता खुर्ची आणून त्या सर्वांत मोठ्या टीव्हीसमोर बरोबर मधोमध ठेवली, आणि अक्काही इकडेतिकडे न बघता जाऊन बसली. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मी हळूच म्हणालो, "अक्का, चल, दुसरीकडे बघू. इथले भाव काही खरे नाहीत." ती म्हणाली, "बस रे. कॉफी पी अगोदर." तेवढ्यात फिल्म पुन्हा सुरू झाली. बर्फ, कलिंगड, डोळे. मी खाली मान घालून फरशी बघणार होतो, खरंच बघणार होतो, पण तीस वर्षं ज्याने पडद्याकडे बघून पोट भरलं त्याची मान कशी खाली राहणार? मी पाहिलं. आणि या वेळी नित्या नाही दिसली, मला माझा शॉट दिसला.

तो शॉट माझा होता. सात नंबरच्या वळणावरचा सात नंबरचा कॅमेरा. मोटारींच्या शर्यती टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं, गाड्या धावतात आणि दिसतात, त्यात काय मोठंसं! प्रत्येक वळणावर पत्र्याच्या मचाणावर एक माणूस उन्हात करपत उभा असतो, कानात यंत्र असतं, आणि दूर उभ्या व्हॅनमध्ये, गार हवेत, दहा-बारा पडद्यांसमोर डायरेक्टर बसलेला असतो. तो नंबराने हाक मारतो. नावाने नाही. शर्यत चालू असेतो मी मुरली नसायचो, मी सात असायचो. "सात तयार. सात घे." की माझ्या कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा लागायचा आणि मी बघतो तेच सगळा देश बघायचा. या तांबड्या दिव्याची नशा असते हो, सांगून कळायची नाही. विसाव्या वर्षी मी तंजावूर सोडून मुंबईला गेलो ते याच नशेपायी. तिथे मला विचारायचे, तू मद्रासी, मग मराठी कसा बोलतोस? आणि हसायचे, कारण माझं मराठी त्यांच्या पणजोबांचं होतं. मी ते घासूनपुसून त्यांच्यासारखं केलं. दुकानांच्या पाट्या वाचत देवनागरी शिकलो. तोवर जी भाषा मी बोलत होतो, ज्या भाषेत झोपेत बरळत होतो, तिचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. राजवाड्याच्या मागच्या आमच्या गल्लीत सगळ्यांचंच असं आहे: तोंडात मराठी, हातात तमिळ पेपर. अक्काने चाळीस वर्षं भूमिती शिकवली, पण देवनागरीत तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं दाखवलं तर ते नाव आहे की वेलबुट्टी, हे तिला सांगता यायचं नाही. इथे हसू नका. माझं सगळं या एका गोष्टीवर उभं होतं.

नित्याला त्या गाड्यांत मीच बसवलं. हे मी लपवत नाही, गल्लीला ठाऊक आहे. तिचा बाप, श्रीनिवासराव, ती सहा वर्षांची असताना गेला, आणि मग दर सुट्टीत ती माझ्याकडे. मी तिला ट्रॅकवर न्यायचो कारण घरी एकटी कुठे सोडणार? बारा वर्षांची असताना तिने छोटी गाडी चालवली आणि गाडीतून उतरून म्हणाली, "मामा, मला वास कळतो टायरांचा, कधी सुटणार तें." मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. काय सांगायचं होतं मला? की ज्या घरातल्या पोरी बँकेच्या परीक्षा देतात त्या घरातली ही एक. अक्का नको म्हणाली होती. नको म्हणजे ओरडून नाही, ती ओरडत नाही, नुसती आमटी वाढता वाढता म्हणाली, "तुझा हट्ट तिच्या अंगांत घालूं नको." मी हसलो होतो. देवा, मी हसलो होतो.

शर्यतीत माझा कॅमेरा कुठे आहे हे तिला माहीत असायचं. सरावाच्या फेऱ्यांत सात नंबरच्या वळणावरून जाताना ती सुकाणूवरून दोन बोटं उचलायची, पिवळ्या हातमोज्यातली दोन बोटं, पाव सेकंद. मामाला. दुसऱ्या कुणाला कळायचंही नाही. अकरावीत स्कूटीवरून क्लासला निघताना अक्काला करायची तेच. हँडलवरून हात काढू नको म्हणून अक्काने दम दिला होता, तर हिने त्यातून पळवाट काढलेली: हात काढायचा नाही, दोन बोटं काढायची. मी मचाणावरून परत हात करू शकत नव्हतो, माझे दोन्ही हात कॅमेऱ्याच्या दांड्यांवर. मी आपला तोंडातल्या तोंडात 'हो गं बाळ' म्हणायचो. कानातून सतीशकुमार, आमचा डायरेक्टर, विचारायचा, "सात, काय म्हणालास?" काही नाही, मी म्हणायचो.

आणि एक नियम होता. गाडी आपटली की कॅमेऱ्याने मागे यायचं. चित्र मोठं करायचं, गाडी लहान करायची, जवळ जायचं नाही. आतला माणूस हलतोय असं कळेपर्यंत पुन्हा पुन्हा दाखवणं बंद. घरी आई बघत असते, हे त्यामागचं कारण. चांगला नियम आहे. या धंद्यातला कदाचित एवढाच चांगला. मग डायरेक्टर जवळच्या कॅमेऱ्याला विचारतो, ड्रायव्हर? आणि कॅमेरावाला सांगतो. तो डॉक्टर नसतो, पण त्या क्षणी सगळ्यांत जवळून बघणारा तोच असतो, आणि शर्यत चालवणाऱ्यांच्या खोलीतही त्याचाच शब्द जातो. त्या दुपारी नित्याची गाडी घसरली, हवेत उठली आणि टायरांच्या भिंतीत निम्मी घुसली. सतीशकुमार ओरडला, "सात, मागे, मागे!" मी मागे आलो. हात आपोआप आले. मामाचे हात म्हणून नाही, सात नंबरचे हात म्हणून आले. त्याच वेळी मागच्या वळणावर आणखी दोघे एकमेकांवर आदळले होते, झेंडेवाले सगळे तिकडे पळत सुटले होते. "सात, ड्रायव्हर? सात!" माझ्या हातभर यंत्रातल्या काडेपेटीएवढ्या काचेत गाडी तांदळाच्या दाण्याएवढी होती. आणि त्या दाण्यातून काहीतरी पिवळं वर आलं. दोन बोटं.

मी म्हणालो, "हलतेय. ओके."

दुसरा कुठलाही कॅमेरावाला असता तर त्याने आणखी एक श्वास वाट पाहिली असती. त्याला ती नुसती बोटं दिसली असती. मला ओळखीची दिसली. मला वाटलं, ती मला सांगतेय, मामा, घाबरू नको. हसलोही असेन मी. सतीशकुमार म्हणाला, "ओके, ओके, सात म्हणतो ओके," आणि माझा तांबडा दिवा विझला. पडद्यावर तीच टक्कर सावकाश, वरून, बाजूने, गाडीतून दिसायला लागली, आणि डॉक्टरांची गाडी आधी मागच्या वळणाकडे गेली, कारण पुढची मुलगी तर ओके होती. दिवा विझल्यावर मी मोकळा झालो म्हणून चित्र जवळ घेतलं. नुसतं तिला बघायला. हात पुन्हा वर आला. पुन्हा. बोटं वर येत होती आणि वाकून गळ्याकडे जात होती, हेल्मेटच्या पट्ट्याकडे, आणि तिथे पोचत नव्हती. हात करणं नव्हतं ते. तिला श्वास हवा होता. आणि मी, मुरली, तिचा मामा, कानात चालू यंत्र, ओठांसमोर माईक, मी एक शब्द बोललो नाही. का? सहा वर्षं विचारतोय स्वतःला. आत्ताच ओके म्हणालो होतो म्हणून? मघाचा शब्द मागे घ्यायची लाज वाटली म्हणून? की डोळ्यांना जे दिसतंय ते अजून तोंडापर्यंत आलंच नव्हतं? वाटेल ते कारण घ्या, एकही पुरत नाही. माझी वाचा बसली. कॅमेरा मात्र हलला नाही, शॉट अगदी स्थिर होता, शाबास! मग हात खाली गेला, आणि पळत येणारे दोघे चित्रात शिरले. दिवा विझलेला, म्हणून ते चित्र कुठे जपलं गेलं नाही. तिथे फक्त मी होतो.

चौकशी झाली. कागद झाले. कुणाचंच नाव आलं नाही, माझंही नाही. सतीशकुमारने दोन-तीनदा फोन केला, मग तोही थांबला. अक्का दहा तास गाडीत बसून आली होती. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिने पहिला प्रश्न विचारला तो रडून नाही, अगदी साध्या आवाजात, "त्रास झाला कां रे तिला?" मी म्हणालो, "कळलंसुद्धा नाही अक्का. एक क्षण." झालं! त्या वाक्यावर माझी बहीण सहा वर्षं जगतेय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती कॉफी द्यायची आणि ते वाक्य द्यायची: माझ्या लेकीला कळलेंसुद्धा नाहीं. मी माडीवरच्या खोलीत बसून ते ऐकायचो. मुंबई सुटली, कॅमेरा सुटला, आता जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानात मी पासपोर्टचे फोटो काढतो. हलू नका, हलू नका, असं दिवसभर लोकांना सांगतो. फोटो निघाला की दुसरे फोटोवाले ओके म्हणतात. मी म्हणत नाही. तमिळमध्ये 'मुडिंजिडुच्चु' म्हणतो, मराठीत 'झालं' म्हणतो, नाहीतर नुसता हात करतो. तो शब्द त्या दिवसानंतर माझ्या तोंडातून आलेला नाही.

पण कुणाला तरी सांगायला हवं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेची दोनशे पानी वही आणली आणि सगळं लिहून काढलं, मघाशी सांगितलं ते सगळं, आणि ती वही खाली अक्काच्याच कपाटात ठेवली, नित्याच्या हेल्मेटच्या शेजारी. देवनागरीत लिहिली होती. मला वाटलं, याहून पक्कं कुलूप कुठलं! तिच्याच भाषेत कबुलीही दिली, आणि तिला ती लागणारही नाही. किती हुशार समजत होतो मी स्वतःला. दर शुक्रवारी अक्का ते कपाट पुसते, वही उचलते, फडक्याने झटकते, परत ठेवते. पहिली काही वर्षं शुक्रवार आला की मी सकाळीच घराबाहेर पडायचो. मग सवय झाली, निलाजरेपणाची होते तशी.

टीव्हीच्या दुकानात अक्का उठली, पदर सारखा केला आणि गणेशकुमारला म्हणाली, "हाच." पंचाहत्तर इंची! मी म्हणालो, "अक्का, आपल्या हॉलची भिंत तरी तेवढी आहे का? आणि तू बघतेस काय, तिरुवैयारुच्या गाण्याच्या कचेऱ्या आणि ती एक रडकी सिरियल. त्याला एवढा कशाला?" ती म्हणाली, "डोळे बारीक झाले रे माझे. मोठें असलें की दिसतें." ऑटोत ती बिलाचे आकडे तपासत बसली. मी चोरून तिच्याकडे बघत होतो. तिने पाहिलं होतं का? पाहिलं असतं तर ती अशी बसली असती का? तिने ती गाडी नित्याची म्हणून ओळखलीच नसेल, सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात बायकांना, असंही मी मनाशी म्हणालो. स्वतःला फसवायला माणसाला फार मोठी अक्कल लागत नाही. घरी आल्यावर तिने पोडी-इडली दिली, मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन माणसं येऊन टीव्ही भिंतीवर लावून गेली. श्रीनिवासरावांचा फोटो त्यासाठी भिंतीवरून उतरवावा लागला. मी फोटोच्या दुकानातून चारला आलो तर अक्का समोर खुर्ची टाकून बसलेली, हातात रिमोट, मांडीवर वही. ती वही. मला म्हणाली, "ये. कॉफी डवऱ्याच्या वाटींत घातली आहे, निवेल." पडद्यावर बर्फाचा डोंगर होता. गणेशकुमारने तिला ती फिल्म काढून दिली होती, टीचरनी मागितली म्हणून. कलिंगड आलं, डोळे आले, गाडी आली, मग माझा शॉट. आणि अक्काने रिमोटने तो थांबवला. बरोबर जागी. तिला कुठे थांबवायचं ते पाठ होतं. त्या दिवशी माझ्या कॅमेऱ्याच्या काचेत तो तांदळाचा दाणा होता. या पडद्यावर तो माझ्या पंज्याएवढा होता, आणि त्यातून पिवळी दोन बोटं वर आलेली स्वच्छ दिसत होती. शिवणसुद्धा दिसत होती हातमोज्याची. कंपनीचं म्हणणं खरं होतं, चित्र फार छान होतं.

"मुरली, हें काय आहे?"

"काय?"

"नाटक करूं नको. गेल्या महिन्यांत मिक्सर आणायला गेले तेव्हां दिसलें. मग आठ वेळा गेले त्या दुकानांत. बिचारा गणेशकुमार दर वेळीं खुर्ची घालतो." तिने वही उघडली, पानाच्या मध्यावर बोट ठेवलं. "तुझें अक्षर मला लागत नाहीं. पण अंक लागतात रे. चाळीस वर्षं अंकच शिकवले."

मी पाहिलं. सवय! इतक्या वर्षांची सवय! सगळं देवनागरीत लिहिलं आणि घड्याळाची वेळ मात्र आम्ही चित्रावर टाकतो तशी, इंग्रजी आकड्यांत. 14:32:07, गाडी आपटली ती वेळ. खाली चार ओळी सोडून 14:32:51, हात खाली गेला ती. ज्या कुलपाच्या भरवशावर मी सहा वर्षं तिच्या हातची आमटी खाल्ली, त्याची किल्ली मी स्वतःच पानाच्या मधोमध टांगून ठेवली होती.

"चव्वेचाळीस," अक्का म्हणाली. "पहिल्याच वर्षीं वजाबाकी केली मी. कशाचे चव्वेचाळीस तें कळत नव्हतें. तूं सांगशील म्हणून वाट बघितली. दर शुक्रवारीं वही काढून वाट बघितली. आतां कळलें. चव्वेचाळीस सेकंद ती होती. एक क्षण नव्हे."

मी जमिनीवरच बसलो. आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला सुटल्यासारखं वाटलं. संपलं एकदाचं. आता ती मला हाकलून देईल, थोबाडीत मारेल, गल्लीत उभी राहून काय ते सांगेल, आणि मी सगळं बोलेन. पट्टा, गळा, माझी बसलेली वाचा, सगळं. मी तोंड उघडलं. "अक्का, मी त्या वेळी..."

तिने वही माझ्या खांद्यावर मारली. एकदा, दोनदा, आणि मग ती रडायला लागली. व्हरांड्यात रडली नव्हती, तेराव्याला रडली नव्हती. "पापी रे तूं! सहा वर्षं मला म्हणतोस तिला कळलेंसुद्धा नाहीं म्हणून! कळत होतें तिला! जीव होता, डोकें जाग्यावर होतें, आणि तिनें तुला हात केला. बघ, बघ की, स्कूटरवरनं मला करायची तीच दोन बोटें. मामाचा निरोप घेऊन गेली माझी पोर. एवढेंच उरलें होतें तिचें, एवढेंच माझें होतें, तें तूं लपवून ठेवलास! कां रे? तूं बघितलास म्हणून तुझें एकट्याचें झालें काय?"

ती रडत होती आणि रडता रडता तिचा चेहरा उजळत होता, लग्नात मुलगी पाठवणाऱ्या आईचा असतो तसा. तिने ती बोटं ओळखली होती. मी ओळखली होती तशीच, त्याच खात्रीने, तितक्याच प्रेमाने. पुढचं चित्र या जगात फक्त माझ्या डोळ्यांत होतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं: हात करत नव्हती अक्का, गळा सोडवत होती, आणि मी बघत होतो. कानात, खरंच कानात, यंत्र नसताना, सतीशकुमार विचारत होता, सात, ड्रायव्हर? सात!

अक्काने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, रिमोट माझ्या हातात दिला. "मला हें मागेंपुढें करायला नीट येत नाहीं. रोज दिवा लावल्यावर एकदां लावून द्यायचें, आणि इथें, तिच्या बोटांवर थांबवायचें. पुढें जाऊं द्यायचें नाहीं." मग ती खाली वाकली, माझी हनुवटी धरून, लहानपणी खोटं पकडायला धरायची तशी, माझं तोंड वर केलं. "तुलाच हात केला ना रे तिनें? बरी आहे म्हणूनच ना?"

"ओके," मी म्हणालो.